राखीव गड्याची पारख

शाळेचा फुटबॉल-संघ दर वर्षीं जूनमध्यें नव्यानें बांधावा लागतो. मार्चमध्यें दहावीचे विद्यार्थी परीक्षा देऊन बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर बहुधा कप्तान, मधल्या फळींतील भरंवशाचा गडी व गोलरक्षक हे तिघेहि जातात. मागें उरतात तीं नववी-दहावींत आलेलीं मुलें. त्यांपैकीं निम्मीं गेल्या वर्षीं रेषेबाहेर बसून दुसऱ्यांच्या पिशव्या सांभाळीत होतीं. मोठ्या क्लबांवर असा प्रसंग कांहीं वर्षांतून एकदां येतो, शाळेवर तो प्रत्येक पावसाळ्यांत येतो. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नांवें १९६० सालीं सुरू झालेल्या आंतरशालेय स्पर्धेच्या जिल्हा-फेऱ्या बहुधा पावसाळ्यांतच होतात. म्हणजे शाळा उघडल्यापासून तयारीस मिळतात ते जेमतेम चार-पांच आठवडे.

एवढ्या अवधींत शिक्षकांनीं अकरा गडी तर निवडावयाचेच, पण त्यांच्या पाठीशीं राहणारे पांच-सात राखीव गडीहि निवडावयाचे. अकरांची निवड त्या मानानें सोपी. त्यांतील सात-आठ नांवें वर्गांतील कोणीहि विद्यार्थी सांगूं शकेल. खरी कसोटी राखीवांच्या निवडींत आहे, आणि अन्यायहि तेथेंच अधिक होतो. जुलैच्या एका ओल्या दुपारीं वाईट खेळला म्हणून ज्या मुलाचें नांव कागदावरून गळलें, तो पुष्कळदां पुन्हां बूट बांधून मैदानावर येतच नाहीं. ही पारख कशी होते व कशी व्हावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें एवढ्यासाठीं हा लेख.

या विषयाचें एक ठसठशीत उदाहरण आपल्या जवळच, मुंबईच्या क्लबाच्या बाबतींत २०२४ सालीं घडलें. मुंबई सिटी हा क्लब २०१४ सालीं इंडियन सुपर लीगबरोबरच जन्मास आला. अंबरनाथहून दादरास गाडी बदलून अंधेरीच्या मैदानावर त्याचा सामना पाहण्यास गेलेले वाचक आपल्यांत असतीलच. ४ मे २०२४ रोजीं या क्लबानें कोलकात्यास मोहन बागानचा ३-१ असा पराभव करून लीगचा चषक दुसऱ्यांदां जिंकला. त्यानंतर थोड्याच काळांत तो संघ विस्कटला. कप्तान राहुल भेके, आल्बेर्तो नोगेरा व होर्खे पेरेरा दियाझ हे तिघे बंगळूरच्या क्लबाकडे गेले. मधल्या फळीचा आधार लालेंगमाविया राल्टे, ज्यास सर्व जण अपुइया म्हणतात, तो मोहन बागानकडे गेला. विजेता संघ तीन महिन्यांच्या आंत पुन्हां पायापासून बांधण्याची वेळ आली.

अशा स्थितींत ड्युरँड चषकाची स्पर्धा आली. १८८८ सालीं सिमल्यास सुरू झालेली ही आशियांतील सर्वांत जुनी फुटबॉल-स्पर्धा होय. अलीकडे ती लीगच्या हंगामापूर्वीं भरत आल्यामुळें पुष्कळ क्लब तिच्याकडे सरावाच्या दृष्टीनें पाहतात. मुंबई सिटीनें त्या वर्षीं आपला राखीव संघ पाठविला. १ ऑगस्ट रोजीं त्याची गांठ केरळ ब्लास्टर्सशीं पडली. केरळचा संघ थायलंडांत सराव करून, आपले परदेशी गडी घेऊन, पूर्ण तयारीनें आला होता. नोआ सदोई व क्वामे पेप्रा यांनीं प्रत्येकीं तीन गोल केले, ईशान पंडितानें दोन. मुंबईच्या मुलांचा ८-० असा पराभव झाला. ड्युरँड चषकाच्या इतक्या लांब इतिहासांतहि हा विजय मोठ्यांतला मोठा गणला गेला.

आठ गोल खाणाऱ्या संघांत कामाचा गडी एकहि नाहीं, असा निकाल देणें फार सोपें आहे. पण पुढें काय झालें तें पाहावें. सहा आठवड्यांनीं, १३ सप्टेंबर रोजीं, लीगच्या पहिल्याच सामन्यांत मुंबई सिटीनें कोलकात्यास जाऊन मोहन बागानशीं २-२ अशी बरोबरी साधली. ऑगस्टमधील आठाच्या आंकड्यावरून मुख्य संघाचें भविष्य कोणी वर्तविलें असतें, तर तें तेथेंच खोटें ठरलें असतें. आणि राखीव मुलांचें काय? त्या आंकड्यावरून त्यांच्यापैकीं एकाविषयींहि, वेगळा काढून, कांहीं ठरवितां येत नाहीं. हें विधान कित्येकांस धाडसाचें वाटेल, म्हणून त्याचीं कारणें जरा विस्तारानें सांगतों.

बचावाची फळी ही साखळीप्रमाणें असते. उजव्या बाजूचा बॅक पुढें सरकला कीं मधल्या बॅकनें त्याच्या मोकळ्या जागेकडे झुकावयाचें, हाफबॅकनें मागें यावयाचें, गोलरक्षकानें ओरडून तें सर्वांस सांगावयाचें. हा सर्व व्यवहार महिनोन्महिने एकत्र खेळून अंगवळणीं पडतो. आतां चार राखीव बॅक, त्यांच्यापुढें दोन राखीव हाफबॅक व मागें राखीव गोलरक्षक असे सात अनोळखी गडी एकदम उभे केले, तर एकाच्या चुकीचा दंड दुसरा भरतो. मधला बॅक उघडा पडून गोल झाला असें प्रेक्षकांस दिसतें. प्रत्यक्षांत चूक दहा सेकंदांपूर्वीं तीस यार्डांवर दुसऱ्याच कोणाची झालेली असते. म्हणून बचावाच्या गड्याची पारख संपूर्ण राखीव संघांत होऊं शकत नाहीं. तो एकटाच बदलून बाकीचे तीन नेहमींचे बॅक ठेवावे, म्हणजे साखळींतील नवा दुवा कोणता आणि तो ताण कितपत सोसतो हें कळतें.

आक्रमणाच्या गड्याची गोष्ट याच्या उलट असते. तो नेहमींच्या उत्तम हाफबॅकांपुढें खेळला तर त्यास आयते चेंडू मिळतात आणि तो आहे त्याहून मोठा दिसतो. त्यास एखादे दिवशीं दुबळ्या बाजूंत घालावें आणि चेंडू मिळत नसतां तो काय करतो तें पाहावें. मागें येऊन चेंडू मागतो, कीं कमरेवर हात ठेवून उभा राहतो? शाळेंत पुष्कळदां ‘पहिला अकरा विरुद्ध दुसरा अकरा’ एवढाच सराव-सामना होतो. तो मुलांस आवडतो, कारण त्यांत चुरस असते. परीक्षेचें साधन म्हणून मात्र तो बेताचाच. मध्यंतरास प्रत्येक बाजूचे चार-पांच गडी अदलाबदल केले कीं त्याच सामन्यांतून दुप्पट माहिती मिळते, आणि खर्च कांहींच नाहीं.

गोलसंख्येच्या बाबतींत गणिताच्या तासास शोभेल असें एक उदाहरण घेऊं. एखाद्या फॉरवर्डची गोल करण्याची शक्यता प्रत्येक सामन्यांत तिनांत एक आहे असें धरा; शाळेच्या संघांत हा चांगला गडी म्हणावयाचा. त्यास सरावाचे दोन सामने दिले. पहिल्यांत गोल न होण्याची शक्यता दोन-तृतीयांश, दुसऱ्यांतहि तितकीच. दोहोंचा गुणाकार चार-नवमांश. म्हणजे नऊपैकीं चार वेळां हा चांगला गडी दोन्ही सामन्यांत रिकाम्या हातीं परत येणार. उलट, ज्याची शक्यता सहांत एक, असा सामान्य गडी दोहोंपैकीं एका तरी सामन्यांत गोल करील, असें छत्तिसांत अकरा वेळां घडेल. दोन सामन्यांच्या गोलांवरून पहिल्यास वगळून दुसऱ्यास घेणारा शिक्षक स्वतःस निःपक्षपाती समजेल; वस्तुतः तो नाणें उडवून पाहण्यापेक्षां थोडेंच अधिक कांहीं करीत असतो. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

मग पाहावयाचें काय? माझ्या मतें प्रथम हें ठरवावें कीं या राखीव गड्याकडून आपणांस कोणतें काम हवें आहे. येथें नियमांचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. जुन्या काळीं राखीव गडी म्हणजे कोणी आजारी पडल्यास सामन्याआधीं उभा करावयाचा माणूस. शिटी वाजली कीं त्याचें काम संपलें. इंग्लंडच्या लीगमध्यें १९६५ सालीं प्रथम एक गडी बदलण्याची मुभा मिळाली, तीहि कोणी जखमी झाल्यास. विश्वचषकाच्या सामन्यांत १९७० पासून दोन गडी बदलतां येऊं लागले. पुढें ही संख्या वाढत जाऊन २०२० सालच्या महामारींत तात्पुरती म्हणून पांचांवर आली आणि २०२२ पासून नियमांत कायम झाली. मैदानांतील दहा गड्यांपैकीं, गोलरक्षक सोडून, निम्मे बदलतां येतात! तेव्हां राखीव गडी हा आतां निव्वळ पर्याय राहिला नसून सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचा मुख्य गडी झाला आहे. ४ मेच्या ज्या अंतिम सामन्याचा उल्लेख वर केला, त्यांतील तिसरा गोल याकुब वोयतुश यानें केला. तो मागाहूनच मैदानांत उतरला होता.

काम ठरवून निवड करण्याचें सर्वांत नाट्यमय उदाहरण २०१४ च्या विश्वचषकांत दिसलें. हॉलंड व कोस्टा रिका यांचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेंतहि गोलावांचून राहिला. तेव्हां पेनल्टींचा निकाल लागण्यापूर्वीं अगदीं शेवटच्या क्षणीं हॉलंडचे मार्गदर्शक लुई व्हान खाल यांनीं आपला चांगला खेळत असलेला गोलरक्षक यास्पर सिलेसेन यास बाहेर बोलावून टिम क्रुल यास पाठविलें. क्रुलनें दोन पेनल्टी अडविल्या व हॉलंड जिंकलें. क्रुल हा सिलेसेनहून श्रेष्ठ होता असें कोणी म्हणत नव्हतें. तो त्या एका कामासाठीं निवडलेला होता. उपांत्य सामन्यांत अर्जेंटिनाविरुद्धहि पेनल्टींचाच प्रसंग आला, पण तोंपर्यंत हॉलंडचे तिन्ही बदल होऊन गेले होते. सिलेसेनलाच उभें राहावें लागलें, आणि हॉलंड हरलें.

शाळेच्या संघांत अशीं कामें साधीं असतात. आघाडी मिळाल्यावर शेवटचीं दहा मिनिटें चेंडू शांतपणें सांभाळणारा एक. मागें पडल्यास पळून पळून प्रतिपक्षास थकविणारा एक. आणि तीन जागांवर बरा खेळूं शकेल असा एक. हा तिसरा गडी फार मोलाचा, परंतु सराव-सामन्यांत तो हमखास मागें पडतो, कारण कोणत्याहि एका जागेवर तो पहिल्या क्रमांकाचा नसतो. वर उल्लेखिलेला राहुल भेके हा मुंबईंत जन्मलेला; तो उजव्या बाजूस व मध्यभागीं, दोन्हीकडे बचाव करणारा गडी. २०१९ सालीं लीगच्या अंतिम सामन्यांत गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटास बंगळूरचा एकमेव गोल डोक्यानें मारणाराहि तोच. असा गडी पदरीं असला कीं मार्गदर्शकाच्या दोन जागा वांचतात.

गोलरक्षकाविषयीं निराळें लिहिलें पाहिजे. दुसरा गोलरक्षक हा संघांतील सर्वांत एकटा मुलगा. बाकीच्या राखीवांस दहा-पंधरा मिनिटें तरी मिळतात; त्यास अख्ख्या हंगामांत एक मिनिटहि न मिळणें शक्य आहे. सराव-सामन्यांत त्याच्यावर तीन-चारच फटके येतात, त्यांतले दोन गोल झाले कीं सर्व जण नाक मुरडतात. फटके अडविणें हें त्याच्या कामाचें एक अंग झालें. ओला चेंडू तो छातीशीं घेतो कीं नुसत्या तळहातांनीं. कॉर्नरच्या वेळीं आपल्या बॅकांस नांवानें हांका मारतो कीं मुका राहतो. गोल झाल्यावर पुढच्या पांच मिनिटांत त्याचे पाय कसे चालतात. हीं लक्षणें चारच फटक्यांतहि दिसतात, पाहणारानें त्याच्याकडे पाहिलें तर!

मुंबई सिटीचा फुर्बा लाचेन्पा हा सिक्कीमचा तरुण २०२० सालीं रिअल काश्मीर क्लबाकडून आला, तो दुसरा गोलरक्षक म्हणून. पुढें अमरिंदर सिंग उभा होता. अमरिंदर गेल्यावर मोहम्मद नवाझ आला. एप्रिल २०२२ मध्यें रियाधला आशियाई चँपियन्स लीगमध्यें या क्लबानें इराकच्या हवाई दलाच्या क्लबाचा २-१ असा पराभव केला. त्या स्पर्धेंत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि गोलांत लाचेन्पा होता. २०२२-२३ सालीं क्लबानें ४६ गुण मिळवून लीगमध्यें पहिलें स्थान पटकाविलें, आणि पुढच्याच हंगामांत लीगच्या उत्तम गोलरक्षकाचा सोनेरी हातमोजा लाचेन्पास मिळाला. पहिल्या वर्षावरूनच त्याची किंमत ठरविली असती, तर हें सारें घडलें नसतें.

वयाचाहि एक मुद्दा आहे, आणि पालकांनीं तो विशेष लक्षांत घ्यावा. शालेय स्पर्धांत वयोगट १ जानेवारीपासून मोजण्याची पद्धत आहे. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जन्मलेला मुलगा एकाच गटांत येतात. चौदाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे कित्येकदां एक वीत उंचीचें अंतर. अनेक देशांत मुलांच्या निवडक संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळून आली आहे. तें कांहीं नक्षत्रांचें फळ नव्हे. थोराड मुलगा निवडणाराच्या डोळ्यांत आधीं भरतो इतकेंच. तेव्हां हजेरीपटांतील जन्मतारीख जवळ ठेवून मग मैदानाकडे पाहावें. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत जन्मलेला आणि तरीहि थोराडांपुढें टिकून राहिलेला किरकोळ मुलगा राखीवांत अवश्य असावा.

आपल्याकडील पावसाविषयीं दोन शब्द. अंबरनाथ पश्चिमेस काय किंवा उल्हासनगर-बदलापुरास काय, जून-जुलैंत मैदानाचा मध्यभाग चिखलानें भरतो आणि कडेचें गवत तेवढें खेळण्याजोगें राहतें. चिखलांत चेंडू थबकतो, म्हणून नाजूक पायाचा गडी निरुपयोगी दिसतो व दांडगा गडी चमकतो. गवतावरून तोच चेंडू घसरत जातो आणि हलका गडी पुढें निघतो. जिल्हा-फेरी त्याच महिन्यांत असल्यामुळें चिखलांतील परीक्षेस अर्थ आहे, हें मान्य. परंतु तिच्यावरून संपूर्ण वर्षाची यादी बांधूं नये. हिवाळ्यांतील कोरड्या मैदानांसाठीं ती पुन्हां एकदां उघडली पाहिजे. बहुतेक ठिकाणीं ती उघडली जात नाहीं. मला ही मोठी उणीव वाटते.

पालकांस एक विनंती. ‘आमच्या मुलास पहिल्या अकरांत कां घेतलें नाहीं?’ हा प्रश्न शिक्षकांस नेहमींच ऐकावा लागतो, आणि त्याचें उत्तर कोणासच समाधान देत नाहीं. त्याऐवजीं ‘त्यास कोणत्या कामासाठीं तयार करीत आहां?’ असें विचारावें. याचें उत्तर शिक्षकांपाशीं असलेंच पाहिजे. नसेल, तर मुलगा राखीव नसून केवळ भरतीचा आहे, आणि तसें असल्यास त्याची सायंकाळ शिकवणीच्या वर्गांत गेलेली काय वाईट? उत्तर मिळालें तर मात्र दहावीचें वर्ष आहे म्हणून जूनमध्येंच त्यास खेळांतून काढूं नये. सप्टेंबरपर्यंत आठवड्यांतून तीन सायंकाळी दिल्यानें फारसें कांहीं बिघडत नाहीं, आणि नवा संघ बांधतांना दहावींतला एक जाणता मुलगा, राखीव कां असेना, नववींतल्या चौघांस आधार देतो.

मुंबई सिटीच्या त्या हंगामाची उरलेली हकीकत अशी. ब्रँडन फर्नांडिस, निकोलाओस कारेलिस, योन तोराल असे नवे गडी आले. दुसरा अनुभवी गोलरक्षक म्हणून टी. पी. रेहेनेश आला. लीगमध्यें क्लब सहावा आला, आणि मार्च २०२५ मध्यें बाद फेरींत त्याचा ५-० असा पराभव झाला. पराभव करणारा क्लब बंगळूर, म्हणजे जेथें त्यांचे तिघे जुने गडी गेले होते तोच. पहिल्या अकरांत ठिगळें लावून एक-दोन महिने निभावतात. संपूर्ण हंगाम निभावून नेण्यास पाठीशीं खोली लागते, आणि ती तयार होण्यास एक उन्हाळा पुरत नाहीं.

मुलींच्या संघाचा प्रश्न अजून या पायरीपर्यंत आलेलाच नाहीं. सुब्रतो चषकांत सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा होते, पण आपल्या भागांत कित्येक शाळांस अकरा मुली जमवितांनाच दमछाक होते. राखीव निवडण्याची चैन कोठली! तेथें पारख करण्याआधीं घरोघरीं जाऊन सोळा-सतरा नांवें मिळवावीं लागतात. सायंकाळीं सहानंतर मुलगी घरीं कशी परतणार, तिच्याबरोबर कोण असणार, ओले कपडे कोठें बदलणार, एवढ्या तीन प्रश्नांचीं उत्तरें शाळेनें आधीं तयार ठेवलीं, तर त्यांतील निम्मीं नांवें पहिल्याच आठवड्यांत मिळतील.